साडेचार लिटरचा माणूस

"अहो, फुंकताय की उसासे टाकताय?" मी ओरडलेच.

ह्यांनी नळी तोंडातून काढली. "सगळा जोर लावला गं. तुझं मशीनच कामातून गेलंय."

पडद्यावर पुन्हा साडेतीन. बाहेर बाकावर पेशंट खोकत बसलेले, आणि हा श्वास मोजायचा डबा सोमवारपासून माझा अंत पाहत होता.

पेशंट आत घ्यायच्या आधी हे मशीन रोज तपासावं लागतं. ठरलेल्या धडधाकट माणसाने फुंकायचं, नेहमीचा आकडा आला की काम सुरू. आमच्याकडे तो माणूस म्हणजे माझा नवरा. हे खाली हॉस्पिटलच्या लाँड्रीत असतात. सकाळी चादरींच्या ढिगातून वर यायचं, उभ्याउभ्याच फुंकायचं, साडेचार लिटर आणायचे आणि "नवरा असावा तर असा!" म्हणत टेचात जिना उतरायचा. वर्षानुवर्षं हेच. मशीन तपासायची मोजमापाची मोठी सिरिंज कपाटात पडून असते. आमचे हे तिच्याहून पक्के, हा माझा तोरा.

मी फिल्टर बदलला. नळी बदलली. आतली जाळी धुऊन वाळवून परत बसवली. साडेतीन! शेवटी कंपनीच्या इंजिनिअरला फोन लावला आणि सगळा राग त्या बिचाऱ्यावर काढला.

"ताई, सिरिंज लावून पाहिलीत का?"

"सिरिंज कशाला? माझा माणूस आहे ना इथे!"

"तरी एकदा लावा."

चरफडत कपाट उघडलं. बरोब्बर तीन लिटर हवा ढकलणारी ती सिरिंज मशीनला जोडली आणि दांडा आत ढकलला. मशीनने तीन दाखवले. सावकाश ढकलला, तीन. जोरात ढकलला, तरी तीनच.

"काय येतंय, ताई?"

"बरोबर येतंय," म्हणाले आणि फोन ठेवला. मशीन बिघडलेलंच असू दे, असं जन्मात पहिल्यांदा वाटलं.

हे दाराला टेकून उभे होते. एवढ्याशा जिन्याची धाप अजून ओसरली नव्हती. ती धाप मी कितीतरी दिवस ऐकत होते, आणि तोंडसुख मात्र मशीनवर घेत होते. माझाच मला संताप आला.

"सापडला का बिघाड?" ह्यांनी विचारलं. "खाली चादरी खोळंबल्यात माझ्या."

कॉलरवर कापडाची तूस चिकटली होती. मी ती झटकली.

"चादरी राहू द्या."

भिंतीकडची पेशंटची खुर्ची ओढून मी मशीनसमोर ठेवली. ह्यांनी खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मला उभ्यानेच बरं येतं गं."

"बसा हो."

आता काहीतरी चेष्टा करतील म्हणून मी थांबले. हे खुर्चीत बसले आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. मी नवी नळी लावली, नाकाला चिमटा लावला आणि पेशंटना म्हणते तशी, अगदी हळू म्हणाले, "घ्या, मोठा श्वास घ्या."