बाईच्या गुडघ्याचा हिरवा पट्टा

ओळखलंत का मला? मी व्यायामाचा रबरी पट्टा. वीतभर रुंद, हिरवागार, चांगला दीड मीटर लांब होतो. आता अर्धा उरलोय आणि मला माणसांची शिसारी आलीय.

दवाखान्यात मोठ्या गुंडाळीतून मला कापलं, तेव्हा समोर एक शिवणकाम करणारी बाई बसली होती. तिच्या गुडघ्याचं हाड झिजलेलं, आतली गादी फाटलेली. व्यायाम शिकवणारी ताई म्हणाली, "काकू, गादी फाटली म्हणजे लगेच ऑपरेशन असं नसतं. आधी मांडीत ताकद आणू. पट्ट्याचं एक टोक टेबलाच्या पायाला, दुसरं घोट्याला. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा. तीन महिने करा."

"तेव्हाच लेकीचं बाळंतपण आहे हो. तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही. तिला माझ्याशिवाय कोण आहे?"

"मग अजिबात चुकवू नका."

बाईनं चार दिवस केलं. पाचव्या दिवशी "मेलं दुखतंच आहे" म्हणत मला खुंटीला टांगलं, तेही तेलानं माखलेल्या गुडघ्याच्या मोज्याशेजारी. शी! काय तो वास!

नवऱ्यानं विचारलं की ठरलेलं उत्तर, "दिवसभर पायडल मारते, तो व्यायाम नाही तर काय?" खोटारडी! मशीनला सहा वर्षांपूर्वीच मोटर बसलीय. ही नुसता पाय टेकवते. ताईनं दिलेल्या भिंतीवरच्या व्यायामाच्या तक्त्यात मात्र रोज बरोबरची खूण.

एकदा गिऱ्हाइकाची पायजम्यासाठी घाई होती आणि इलॅस्टिक संपलेलं. बाईची नजर माझ्यावर गेली. "चांगलं रबर आहे, नुसतं पडलंय." कचकन कात्री! माझा अर्धा भाग आता कुणाच्या तरी सुटलेल्या पोटावर घामानं चिकटलाय. उरलेला मी तिच्या तुटक्या चेनच्या पिशवीला बांधलेला.

म्हणून आज मी तिच्यासोबत होतो. लेक बाळाला घेऊन दवाखान्यातून आपल्या घरी आली होती, जावई कामावर. बाई पहिल्या मजल्यापर्यंत कशीबशी चढली आणि गुडघा अडला तो अडलाच. पायरीवर बसून तिनं लेकीला फोन लावला.

टाके ओले असलेली ती पोर एका हातात बाळ, दुसऱ्या हातात कठडा धरून दोन मजले उतरली. घामानं भिजलेली, ओठ आवळलेले.

"आई, व्यायाम करत होतीस ना गं?"

बाईनं बाळाच्या गालाला बोट लावलं.

"जाऊ दे. तू घरी जा. मी करीन माझं माझं," म्हणत लेक वळली आणि एकेक पायरी थांबत थांबत वर गेली.

बाईनं पदरानं डोळे पुसले. "उद्यापासून नक्की करीन," ती पुटपुटली.

ऐकलंत? उद्यापासून! अगं बाई, आज काय धाड भरलीय? हवं तर शिव्या घाल मला, पण आज बांध.