प्रतिवादी क्रमांक एक

बँकेच्या दाव्यात मुनव्वर शिकलगार प्रतिवादी क्रमांक एक होता आणि त्याची बायको नसरीन क्रमांक दोन. घराच्या कर्जावर दोघांच्या सह्या होत्या.

मुनव्वर शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला होता. एकोणीसच्या महापुरात तो पलीकडच्या वस्तीतली माणसं काढायला गेला, गूळ करायच्या काहिलीत बसून. काहील उलटली. बाकीचे पोहत काठाला लागले. मुनव्वर मिळाला नाही, त्याचं प्रेतही मिळालं नाही. नसरीननं शिवणकाम करून जमेल तितके हप्ते भरले, मग तेही थांबले.

समन्स घेऊन बेलिफ आला तेव्हा ती बाजारात गेली होती. दारात सासरे होते, लालासाब.

"मुनव्वर शिकलगार हायत का?"

"भाईर गेलाय."

"कवा येणार?"

"ईल की."

बेलिफनं तसंच लिहून नेलं. कोर्टाच्या लेखी मुनव्वर जिवंत होता आणि तोंड चुकवत होता.

पहिल्या तारखेला लालासाबही तिच्याबरोबर कसबा बावड्याच्या कोर्टात गेले. शिपायानं दारात येऊन पुकारा केला, "मुनव्वर लालासाब शिकलगार!" एवढ्या मोठ्यानं ते नाव कितीतरी वर्षांत कुणी घेतलं नव्हतं. नसरीननं जिन्याकडे वळून पाहिलं. शिपायानं पुन्हा हाक दिली, मग तिसऱ्यांदा. लालासाब उठून उभे राहिले होते आणि तेही जिन्याकडेच बघत होते. पुढच्या प्रत्येक तारखेला हेच झालं.

त्यांच्या वकील प्रियदर्शनी पाटील यांनी नसरीनला बाजूला घेतलं. "सात वर्षं बेपत्ता असलेला माणूस वारला असं कायद्यानं धरता येतं. ते वारले असं कोर्टाकडून जाहीर करून घेऊ. कर्जाबरोबर त्यांचा विमा काढलाय, मृत्यूचा दाखला मिळाला की विमा कंपनी बँकेचं देणं भागवेल. नाहीतर बँकेच्या बाजूनं निकाल लागेल आणि घर लिलावात जाईल. पण हे तुम्हाला शपथेवर सांगावं लागेल."

घरी आल्यावर तिनं सासऱ्यांना सांगितलं.

"आपल्याच तोंडानं मारायचं त्येला?" लालासाब ओरडले. "घरापायी?"

तिनं पुन्हा विषय काढला नाही. अर्ज मात्र दिला.

साक्षीच्या दिवशी ती पिंजऱ्यात उभी राहिली. "तुमचे पती हयात आहेत का?" न्यायाधीशांनी विचारलं. ती दाराकडे, जिन्याच्या दिशेनं बघत राहिली. त्यांनी पुन्हा विचारलं. तेव्हा मागच्या बाकावरून लालासाब पुढं आले.

"सायब, मी बाप हाय त्येचा. मी सांगतो."

त्यांना शपथ दिली गेली.

"पोरगा माझा गेला," ते म्हणाले. "तुमचा शिपाई दर तारखेला त्येला हाक मारतोय. जिता असता तर असा गप ऱ्हायला नसता."

मुनव्वर वारल्याचा निकाल मिळाला. विम्याचे पैसे थेट बँकेत गेले, बँकेनं दावा काढून घेतला. घर राहिलं.

मौलानांनी सांगितलं, इद्दत, म्हणजे नवरा गेल्यावर बाईनं घरात काढायचे चार महिने दहा दिवस, निकालाच्या दिवसापासून धरायची. म्हणून सात वर्षांनी नसरीन घरात बसली. बायका येऊन रडून गेल्या. मग घर शांत झालं, आणि माडीवर कोणीतरी चालू लागलं.

इतक्या वर्षांत तिला कधी काही ऐकू आलं नव्हतं. आता भरदुपारी मशीन थांबवलं की वर पावलं वाजायची, जड, फौंड्रीतल्या बुटांसारखी. ती कुणाला बोलली नाही. एके दिवशी चहा पिता पिता लालासाबांचा हात थांबला आणि त्यांनी मान वर केली.

"आब्बा, तुमालाबी ऐकू येतंय?"

"व्हय."

"कवापास्नं?"

"कोर्टातनं आल्यापास्नं."

नसरीन उठली, जिन्याकडे निघाली. लालासाबांनी तिचा पदर धरला.

"जाऊ नगं, पोरी. वर असलाच, तर काय सांगायचं त्येला?"

ती खाली बसली. दिवे लागेपर्यंत दोघं तिथंच बसून होते, आणि वर पावलं चालत होती.