डफ पाहुण्यापुढे चालणार नाही

मी एक जुना डफ आहे. पण मला पाहून हळहळू नका. वय सत्तरीच्या पुढे गेलं, लोखंडी कड्याला गंज चढला, तरी आवाज अजून खणखणीत आहे. गावात मला डफडं म्हणत. म्हणोत बापडे!

नागपूरकडच्या मौद्याजवळ एका खेड्यात, माझा आताचा मालक धोंडबा, त्याच्या वडिलांनी मला घडवलं. बकरीचं कातडं भिजवून कड्यावर ताणलं, उन्हात वाळवलं आणि पहिली थाप दिली. मित्रांनो, काय तो दणका! पुढे माझ्याशिवाय गावात दवंडी होत नसे की वरात हलत नसे. "वा, काय हात आहे!" असं लोक म्हणत. पण वरात मांडवात शिरली की धोंडबाचे वडील बाहेरच उभे. जात आडवी यायची. वाजवायचं काम त्यांच्या माथी मारलेलं, नाही म्हणायची सोय नव्हती. उरलंसुरलं अन्न त्यांच्या पदरात वरून टाकत. मला भयंकर राग यायचा, तरी वाजावं लागायचं.

१९५६ साली ते नागपूरला जाऊन बौद्ध झाले. परत आल्यावर त्यांनी मला पोत्यात गुंडाळलं. "आता कोणाच्या पुढं वाजवायचं नाही," एवढंच म्हणाले. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण त्यांचं बरोबर होतं. पुढे धोंडबा नागपूरच्या गिरणीत लागला आणि मला पोत्यासकट घेऊन आला. तेव्हापासून मी माळ्यावर गप्प पडून होतो.

मग नागपुरात दर हिवाळ्यात 'गर्जना' नावाचा रॉक महोत्सव भरू लागला. सुरुवातीला पोरं नुसती इंग्रजी गाणी गायची. पुढे महोत्सवानं अट घातली, की प्रत्येक बँडनं एक गाणं आपल्या घरातलं आणायचं. झालं! साऱ्या विदर्भात माळे उपसले गेले. कुणी आजीच्या ओव्या गिटारवर बसवल्या, कुणी काकाच्या दंडारीतली, म्हणजे गावच्या लोकनाट्यातली गाणी. ज्या गाण्यांची कालपर्यंत लाज वाटायची, ती पोरं कॉलेजात मोठमोठ्यानं म्हणू लागली. धोंडबाची नात मेघा प्रताप नगरातल्या एका बँडमध्ये ड्रम वाजवते. तिनं मला खाली काढलं.

धोंडबा खुर्चीतून ताडकन उठला. "काहून काढलं वं ते? माह्या बापानं सोडलं, ते तू धरून राहिली?"

"आबाजी, त्यांनी दुसऱ्याच्या पुढं वाजवणं सोडलं. मी आपल्यासाठी वाजवून राहिली. स्टेजवर, मधोमध."

धोंडबा पुन्हा खुर्चीत बसला. "मी येतो पाहायले," शेवटी म्हणाला. "कोणाच्या पुढं वाजवलं, तं तिथूनच त्याले घरी नेईन."

महोत्सवाच्या दुपारी संयोजक विश्वनाथ हसत हसत आले. माणूस भला, पण चूक केवढी! "मेघा, मस्त कल्पना आहे. प्रमुख पाहुणे गेटवर आले की तू डफ वाजवत त्यांच्या पुढं चाल. अस्सल विदर्भ!"

मेघाची बोटं माझ्या कड्यावर आवळली. धोंडबा दोन पावलांवरच बसला होता.

"नाही, सर."

"अगं, दोन मिनिटांचं तर काम!"

"आमचा बँड यादीतून काढा. पण डफ पाहुण्यापुढे चालणार नाही. माझे पणजोबा असेच चालत होते. पाहुणा आत जेवायचा आणि ते बाहेर उभे राहायचे."

गिटारवाल्या विक्कीनं या दिवसासाठी दोन वर्षं घासली होती. त्यानं एकदा धोंडबाकडे पाहिलं आणि मुकाट्यानं गिटार पिशवीत भरायला घेतली. विश्वनाथांचा चेहरा उतरला. "माझ्या डोक्यातच आलं नाही गं," ते म्हणाले. "राहू दे ते. तुमचा नंबर आहे तिथंच आहे."

पाहुणे वाजंत्रीविना आले आणि पहिल्या रांगेत बसले. दिवस मावळता मावळता आम्ही स्टेजवर उभे राहिलो. मी मधोमध, समोर माईक, पुढे हजारो माणसं. खरं सांगतो, गार वाऱ्यानं माझं कातडं सैल पडलं आणि दुसऱ्या कडव्याला आवाज बसला. पण मेघा थांबली नाही, मग मी कसा थांबेन?

उतरल्यावर धोंडबानं मला हातात घेतलं. आता चाललो पुन्हा पोत्यात, असं मला वाटलं. त्यानं अंगठ्यानं कातडं दाबून पाहिलं.

"शेकलं नाही वं तुम्ही. थंडीत ढिलं पडते हे. पेपर आण, माचिस आण."

मैदानाच्या कडेला त्यानं कागद पेटवला आणि मला आचेवर गोल गोल फिरवलं. कातडं ताणलं तसा जीवात जीव आला. त्यानं स्वतः एक थाप मारली आणि मला मेघाच्या हातात दिलं. आता रोज सकाळी तो तिला शिकवतो. ठेका चुकला की आरडाओरडा करतो, सगळी गल्ली ऐकते.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादं वाद्य गप्प पडलं असेल, तर ते जरूर काढा. पण ते गप्प का झालं, हे आधी घरच्या म्हाताऱ्यांना विचारा आणि सगळं ऐकून घ्या. मग त्याला शेका, ताणा आणि मान वर करून वाजवा.