रिकामं ऐकणं

दातांच्या डॉक्टरांनी आणलेला ॲम्प्लिफायर दोघांनी मिळून उचलावा इतका जड होता. त्यांच्या थोरल्या भावाचा. भाऊ गेल्यावर तो दवाखान्यामागच्या खोलीत बरीच वर्षं पडून होता. दर्शनी पट्टी ॲल्युमिनियमची, बटणं भरीव धातूची, फिरवताना बोटांना वजन जाणवणारी. मात्र चालू केला की स्पीकरमधून ‘घूं’ असा आवाज सुरू व्हायचा, गाणं लावलेलं असो वा नसो.

“माझ्या ड्रिलसारखा वाटतो,” डॉक्टर म्हणाले. “दिवसभर तेच ऐकतो हो मी. घरी तरी नको.”

“काढून टाकू की,” हे म्हणाले. “पण भूल मिळणार नाही.”

माझ्या नवऱ्याला ओळखीतले सगळे कानसेन म्हणतात. जुने रेकॉर्ड प्लेयर, ॲम्प्लिफायर, रेडिओ अशी यंत्रं ते घरातल्याच मागच्या खोलीत दुरुस्त करतात. मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत असे. कॉलेजने मोडीत काढलेला, विजेची लाट पडद्यावर रेषेत दाखवणारा एक ऑसिलोस्कोप मी घरी आणला, तो त्यांच्या टेबलाच्या कोपऱ्यात असतो. त्याला हे ‘तुझा टीव्ही’ म्हणतात. स्वतः कधी त्याच्याकडे बघत नाहीत. त्यांची खात्री कानावर.

दुरुस्त झालेलं यंत्र परत देण्याआधी त्यांचा एक नेम असतो. त्याला ते रिकामं ऐकणं म्हणतात. पंखा बंद, खिडकी बंद, रेकॉर्ड लावायची नाही आणि आवाजाचं बटण मात्र शेवटपर्यंत फिरवायचं. गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवायचं आणि आपण डावा कान स्पीकरजवळ नेऊन डोळे मिटायचे. गाणं काय, कुठल्याही डब्यातून ऐकू येतं, ते म्हणतात. यंत्राची लायकी कळते ती ते गप्प असताना. मग ते डोळे उघडून “गेला” म्हणतात. तो शब्द उच्चारल्याशिवाय यंत्र घराबाहेर पडत नाही. त्यांच्यामागे मी कितीदा तरी स्कोप लावून पाहिलं आहे. त्यांचा कान चुकलेला मला सापडला नाही.

या ॲम्प्लिफायरचा दोष उघड होता. भिंतीतून येणारी वीज सारखी वरखाली होत असते. यंत्राला लागते ती सपाट वीज. ती सपाट करायचं काम पॉवर सप्लाय करतो, आणि त्यात मुख्य दोन मोठे कपॅसिटर, म्हणजे विजेच्या टाक्याच. वीज खाली आली की ते आपल्यातली ओतून खड्डा भरतात. वयाने ते आतून वाळतात, मग खड्डे भरत नाहीत आणि ते खड्डे आपल्याला ‘घूं’ असे ऐकू येतात. यांनी दोन्ही कपॅसिटर बदलले, यंत्र चालू केलं आणि डोळे मिटून बसले.

“आहे अजून.”

मी कान लावला. मला काही ऐकू आलं नाही. स्कोपवर रेषा सरळ होती.

“तुझ्या टीव्हीवर आज कार्यक्रम नाही वाटतं,” ते म्हणाले.

त्यांचा डावा कान काही आठवडे दडे बसल्यासारखा होता. सर्दी आहे, म्हणत होते. एकदा टेबलाची कड घट्ट धरून बराच वेळ बसलेलं मी त्यांना पाहिलं होतं. विचारलं तर म्हणाले, नाश्ता केला नव्हता.

पुढे त्यांनी सप्लायमधलाच रेक्टिफायर बदलला, मग ट्रान्सफॉर्मर. शेवटी जुना सप्लाय मुळासकट उपटून काढला आणि नवा बांधला. प्रत्येक तार पिळून, प्रत्येक टाका चकचकीत. इतकं देखणं काम त्यांनी पूर्वीही केलं नसेल. तरी उत्तर तेच: आहे.

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. “मला तर बाई काहीच ऐकू येत नाही. देऊन टाक आता.”

“आई, तुला दारावरची बेल ऐकू येत नाही.”

“बेल वाजवणारे कुठं कामाचे असतात?”

हे हसले, पण स्पीकरवरचा हात काढला नाही. मी म्हटलं, “अहो, एकदा कानाच्या डॉक्टरांना दाखवू या ना.”

“यंत्र बिघडलंय आणि कान दाखवू?”

“सर्दीसाठी म्हणते मी.”

“आधी हे होऊ दे.”

दोष सापडत नसला की त्यांची एक पद्धत होती. साखळीतला एकेक भाग वगळत जायचं. भाग काढला आणि तरीही आवाज राहिला, तर तो भाग निर्दोष. “हा सुटला,” ते न्यायाधीशासारखे म्हणायचे आणि पुढचा आरोपी बोलवायचे. त्या दुपारी त्यांनी तेच सुरू केलं. पुढचा भाग तोडला. “सुटला.” मधला तोडला. “सुटला.” आता स्पीकरला जोडलेले, आवाज वाढवणारे शेवटचे दोन ट्रान्झिस्टर आणि नवा सप्लाय, एवढंच उरलं.

“प्लग काढ,” ते डोळे मिटूनच म्हणाले.

मी काढला. पुढचा लाल दिवा मंदावत विझला.

“आहे.”

मी प्लग हातात धरून उभी होते. त्यांनी डोळे उघडून प्लगकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“कपॅसिटरमध्ये चार्ज उरलाय.”

कपॅसिटर रिकामे करणारा रेझिस्टर मीच हिशोब करून दिला होता. दिवा विझेपर्यंत त्यांच्यात काही उरत नाही. त्यांनाही ते ठाऊक होतं. तरी त्यांनी दोन्ही कपॅसिटरची टोकं तारेने जोडून पाहिली. ठिणगी पडली नाही. मग स्पीकरच्या तारा सोडवल्या. स्पीकर आता नुसती लाकडी पेटी होती. ते तिच्यापाशी वाकून राहिले. या वेळी त्यांनी ‘सुटला’ म्हटलं नाही.

ते उठून पॅसेजमध्ये गेले आणि घराचा मेन स्विच खाली ओढला. फ्रिज थांबला. तो किती आवाज करत होता, ते थांबल्यावर कळलं.

“वीज गेली का गं?” आतून सासूबाई ओरडल्या.

“हो, आई.”

“मग फोन कर वीजवाल्यांना. नुसती गप्प बसू नकोस.”

हे मेन स्विचखाली मान डावीकडे कलती करून उभे होते. मग चपला घालून जिना उतरले. मी खिडकीतून पाहत होते. लावून ठेवलेल्या स्कूटरी ओलांडून, बंद दुकानाच्या कडेने ते कोपऱ्यावरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत गेले. तिथे वाहनं नव्हती, दिवा नव्हता, तारही नव्हती. त्यांनी डाव्या कानावर तळवा दाबला. काढला. पुन्हा दाबला. बाहेरचा आवाज अडवला की आतला जास्तच ठळक होतो. हे मी वर्गात शिकवलेलं होतं. तिथून ओरडून त्यांना हात काढायला सांगावंसं वाटलं.

परत आल्यावर ते पायरीवर बसून चपला काढू लागले. “राहिलं काय मग?” त्यांनी विचारलं.

मी स्विच वर केला.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना काचेच्या खोलीत बसवून आलेख काढला. उजव्या कानाची रेघ ठीक होती. डाव्या कानाची खालच्या सुरांकडची बाजू ढासळलेली होती. मी विचारलं, यातलं परत किती येईल? त्या सरळ बाई होत्या. म्हणाल्या, गेलंय ते आलेलं मी फारसं पाहिलेलं नाही. कानातला आवाज कमी होईल किंवा राहील. दुसऱ्या कानाचंही सांगता येत नाही.

यांनी एकच विचारलं. “यंत्रातला आवाज आणि माझा आवाज, मला वेगळे ओळखता येतील?”

“कुठलं यंत्र?” त्या म्हणाल्या.

हे त्यांना समजावून सांगतील असं मला वाटलं. ते फक्त “असू दे” म्हणाले.

दातांचे डॉक्टर ॲम्प्लिफायर न्यायला आले. यांनी नेमाप्रमाणे पंखा बंद केला, खिडकी लावली, डॉक्टरांना स्टूल दिलं आणि आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. मग सवयीने स्पीकरशी वाकून डोळे मिटले. डॉक्टरांनी श्वास रोखून धरला होता.

“काहीच नाही!” ते एकदम म्हणाले. “अहो, काहीच नाही! गेला ना?”

यांनी डोळे उघडले. डॉक्टर त्यांच्याकडे बघत होते, त्या एका शब्दाची वाट पाहत.

“हिला विचारा,” हे म्हणाले आणि बाजूला झाले.

मी त्यांच्या जागी वाकले. कुठल्याही चालू यंत्रात असते तेवढी बारीकशी सळसळ होती. तिच्याखाली काही नव्हतं.

“गेला,” मी म्हटलं. माझ्या तोंडून तो शब्द चोरल्यासारखा आला.

“वा! म्हणजे घरात दोन दोन कानसेन!” डॉक्टर खूष झाले. हेही हसले. दोघांनी दोन बाजूंनी उचलून ॲम्प्लिफायर खाली गाडीत ठेवला.

वर आल्यावर हे टेबलापाशी उभे राहिले. जुना ट्रान्सफॉर्मर तिथेच पडला होता.

“कपॅसिटर बदलले तेव्हाच झालं होतं ना काम?”

“हो.”

“म्हणजे पुढचं सगळं उगाच.” त्यांनी ट्रान्सफॉर्मर हाताने फिरवून पाहिला. “चांगला होता हा.” मग स्टुलावर बसले. “कसं होतं गं मघाशी? यंत्र चालू होतं तेव्हा?”

“शांत होतं.”

“शांत म्हणजे?”

मला अचूक सांगायचं होतं. “खाली कुणीतरी बादली ठेवली. डॉक्टरांच्या घड्याळाची टिकटिक येत होती. आई एकदा खोकल्या.”

“हे आवाज झाले.”

“हो.”

“त्यांच्या मधलं सांग.”

मी बोलायला तोंड उघडलं. ते उजवा कान माझ्याकडे करून वाट पाहत राहिले.