मागच्या बाजूपासून ऐकलेली रेकॉर्ड

मित्रांनो, माझं झाकण उघडताना अजून करकरतं, तेवढं सांभाळून घ्या. तुमच्या आजोबांच्या वयाचा हा रेकॉर्ड प्लेयर आज प्रथमच स्वतःचं काही ऐकवणार आहे. आजवर दुसऱ्यांचंच ऐकवत आलो.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यातला. तिथल्या एका बाईंनी माझी मोटर बसवली, पट्टा ताणून पाहिला आणि सुई टेकवण्याआधी क्षणभर डोळे मिटले. त्या काय पुटपुटल्या कोण जाणे, पण तेव्हापासून सुई टेकली की मी मन लावून काम करतो.

मला विकत घेतलं ते एका मुद्रितशोधकांनी. छापखान्यात पुस्तकातल्या चुका काढणं हे त्यांचं काम. त्यांची एक खास रीत होती. शेवटचा तपास करताना ते पान खालून वर वाचायचे. "सरळ वाचलं की माणूस गोष्टीत गुंगतो आणि चूक निसटते," असं त्यांचं म्हणणं. गंमत म्हणजे तीच रीत त्यांनी मलाही लावली. नवी रेकॉर्ड आली की आधी दुसरी बाजू लावायची.

"लोक चांगलं ते दर्शनी भागात मांडतात. घराची खरी तब्येत मागच्या खोलीत कळते," ते म्हणायचे.

त्यांची पत्नी इस्त्री करता करता म्हणायची, "तुम्ही आपल्या लग्नाची गोष्टसुद्धा नातवंडांपासून सांगाल."

अल्बम थोर ठरायला त्यांच्या कसोट्या कडक होत्या. ऐकताना एकदाही हात माझ्या सुईच्या दांडीकडे जाता कामा नये. दोन गाण्यांच्या मधली शांतताही ऐकावीशी वाटली पाहिजे. आणि दुसऱ्या दिवशी दाढी करताना जे आपोआप ओठांवर येईल, ते अल्बममधलं सगळ्यात गाजलेलं गाणं नसावं. या चाळणीतून फार थोडे अल्बम खाली उतरले. त्यांची छोटी मुलगी माझ्याजवळ मांडी घालून बसायची आणि बाबांचा चेहरा वाचायची.

मग दिवस बदलले. गाणी सुटी सुटी खिशात मावू लागली. माझ्यावर चादर आली, चादरीवर इस्त्रीचे कपडे आले. तक्रार नाही, पण न फिरणाऱ्या तबकडीला दिवस फार लांब वाटतात.

एका दुपारी ते कपडे भराभर उचलले गेले. मुलगी आली होती. ती आता परिचारिका होती आणि गातही होती. हातात तिच्या पहिल्यावहिल्या अल्बमची नमुना रेकॉर्ड होती.

"बाबा, कंपनीवाले म्हणतात, शेवटचं गाणं ताज्या आवाजात पुन्हा गा, नाहीतर अल्बम काढणार नाही. उद्या उत्तर द्यायचंय. तुम्हीही तेच म्हणालात तर मी गाईन."

बाबांनी मऊ ब्रशने माझी सुई पुसली, चष्मा चढवला आणि सवयीने दुसरी बाजू लावली. आवाज जड होता, पुढे पुढे खरखरीत होत गेला. शेवटच्या गाण्यात तो जेमतेम उरला, तेव्हा बाबांनी माझी दांडी उचलली.

"आवाज बसलाय, बाळा. ते बरोबर सांगतायत."

मुलीचा चेहरा उतरला. ती रेकॉर्ड पाकिटात घालू लागली आणि मध्येच थांबली.

"पहिली बाजू?"

"ती ऐकू की नंतर."

"बाबा, ती आधी आहे म्हणून तिला पहिली म्हणतात." तिने रेकॉर्ड परत माझ्यावर ठेवली. "हा इस्पितळातल्या माझ्या एका ड्युटीचा दिवस आहे. सकाळी कामावर जाते तिथपासून घरी येते तिथपर्यंत. सगळी गाणी त्याच क्रमाने, एका बैठकीत गायले. दिवसभर माणसांशी बोलून आवाज जसा होतो, तसाच मला शेवटी हवा होता. आता सुरुवातीपासून ऐका. आणि हात मांडीवर."

"ऐका हो," आई म्हणाली. "ही काही प्रुफं नाहीत."

मीही कंबर कसली. जुना पट्टा सैल पडू दिला नाही. पहिल्या गाण्यात आवाज पहाटेसारखा टवटवीत होता. मग तो धावला, समजूत घालत राहिला, एकदा रागावला, एका खाटेजवळ बराच वेळ थांबला. शेवटच्या गाण्यात तोच थकलेला स्वर आला. पण आता तो कशाने थकलाय, ते त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. बाबांचे हात मांडीवरच राहिले. गाणं संपलं तरी मी फिरत होतो, आणि कुणी मला थांबवलं नाही.

बाबा म्हणाले, "यातला एक शब्दही बदलू नकोस. एक श्वासही नको."

"मग ते अल्बम काढणार नाहीत."

"नाही काढला तर?"

मुलगी उठली. ओढणी सारखी केली. "दुसरे शोधीन. इथे विचारायला आले होते, बाबा. उद्या तिथे सांगायला जाणार."

आणि ती सांगून आली. त्या कंपनीने खरंच पाठ फिरवली. तिने इस्पितळातली ड्युटी सांभाळून दारं ठोठावली, पुष्कळ ठिकाणी नकार घेतला, पण शेवटचं गाणं सोडलं नाही. अखेर एका लहानशा कंपनीने अल्बम काढला, तिने गायला होता तसाच.

मित्रांनो, आता माझीही एक कसोटी तयार झाली आहे. ज्यातलं कुठलंही गाणं जागेवरून हलवलं तर बाकीची पोरकी होतील, तो अल्बम थोर. पण हे कळायला पुरता वेळ द्यावा लागतो. घरात माझा कुणी भाऊबंद धूळ खात असेल तर त्याची सुई पुसा, पट्टा पाहा. नसेल तर जे असेल त्यावर लावा. मात्र एकदा तरी पहिल्या सुरापासून बसा, आणि गाणाऱ्याचा आवाज थकू लागला की उठून जाऊ नका. तो घरी पोचेपर्यंत त्याच्यासोबत चला.