कुळ न ठरलेल्यांचा खण

मित्रांनो, मला उघडायचं असेल तर आधी थोडं वर उचला आणि मग ओढा. नुसतं ओढलंत तर मी अडून बसेन. ही माझी जुनी खोड आहे, आणि आता या वयात ती जायची नाही. मी पक्ष्यांच्या संग्रहालयातल्या एका थोरल्या कपाटाचा सगळ्यात खालचा खण आहे.

मला घडवणारा सुतार कामाला लागला की तोंडात खिळे धरायचा, त्यामुळे तो माझ्याशी कधी एक शब्द बोलल्याचं आठवत नाही. पण हात फार चांगला होता त्याचा. त्याने एकाच मापाचे साठ खण केले, आत पांढरा कागद लावला आणि डांबरगोळ्यांसाठी प्रत्येकाच्या कोपऱ्यात एक चौकोनी कप्पा ठेवला. मग विद्वान मंडळी आली आणि कोणत्या खणात कोण राहणार याची चर्चा सुरू झाली. बापरे, काय ती चर्चा! चहा गार व्हायचा, पण चर्चा नाही.

तुम्हाला वाटेल, त्यात एवढं काय? पण जगात पक्ष्यांच्या दहा हजारांहून जास्त जाती आहेत. एवढ्या गर्दीत कुणाला शोधायचं तर पत्ता नको का? म्हणून शास्त्रज्ञ आधी गण ठरवतात. गण म्हणजे समजा मोठं गाव. त्या गावातलं एकेक घर म्हणजे कुळ. चोच कशी आहे, पायाची किती बोटं पुढे आणि किती मागे, पंखात पिसं किती, हे सगळं बघून कोण कुणाचा नातलग ते ठरतं. कधीकधी सपशेल चुकतंही. आमच्याकडचे ससाणे वर्षानुवर्षं गरुडांच्या शेजारी ऐटीत पडून होते. पुढे कळलं की ते गरुडांपेक्षा पोपटांना जवळचे आहेत! मग काय, निघाली वरात पोपटांच्या शेजारी.

बाकीच्या खणांना कुळांच्या नावाच्या पितळी पट्ट्या मिळाल्या. मला मिळाला एक पुठ्ठा. त्यावर शाईने लिहिलं होतं, ‘कुळ अजून ठरलेलं नाही’. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? ज्यांचं घर कुठलं ते कुणालाच सांगता येत नव्हतं, असे पक्षी माझ्याकडे यायचे. एके काळी अकरा होते. मग एकेकाचं कुळ सापडत गेलं आणि लेकी सासरी जाव्यात तसे ते वरच्या खणांमध्ये निघून गेले. शेवटी एकच उरला. मुठीएवढा, तपकिरी, गळ्यापाशी पिवळसर डाग. त्याला सगळे तपकिऱ्या म्हणायचे.

त्याला आणलं होतं कापूसमामाने. पक्ष्याची कातडी उतरवून आत कापूस भरायचा, हे मामाचं काम. दिवसभर त्याच्या भुवयांवर, बाहीवर, चहाच्या कपातसुद्धा कापूस असायचा, म्हणून हे नाव. तरुणपणी एका दूरच्या टेकडीवरच्या जंगलातून त्याने तपकिऱ्याला आणलं आणि पायाला दोऱ्याने चिठ्ठी बांधली. चिठ्ठीवर तारीख होती, टेकडीची उंची होती, झाड कसलं ते होतं आणि शेवटी लिहिलं होतं, ‘पुष्कळ होते. एक घेतला.’

पहिल्या विद्वानांनी तपकिऱ्याला मैनेच्या कुळात घातलं. दुसरे म्हणाले, छे, हा बुलबुल. तिसरे म्हणाले, दोघांनाही काही कळत नाही. गण तेवढा सगळ्यांना मान्य होता, डहाळी पकडून बसणाऱ्या पक्ष्यांचा. पण जगातले निम्म्याहून जास्त पक्षी त्याच गणात आहेत! म्हणजे गाव कळलं, घर नाही. तिघांनी तीन चिठ्ठ्या बांधल्या आणि तपकिऱ्या परत माझ्याकडे आला.

मामाने मात्र हे मनाला लावून घेतलं. प्रत्येक नव्या विद्वानाच्या मागे त्याचं एकच टुमणं असायचं, “साहेब, आमच्या तपकिऱ्याचं काहीतरी बघा ना.” निवृत्त झाल्यावरही तो दर सोमवारी यायचा, माझ्यातली धूळ झटकायचा, डांबरगोळ्या बदलायचा. म्हणायचा, “माझ्या डोळ्यांदेखत याला घर मिळू दे, बाकी काही मागणं नाही.”

मामाची भाची लहानपणापासून त्याच्याबरोबर इथे यायची. सात-आठ वर्षांची असताना तिने एकदा एक डाग पडलेली चिठ्ठी काढून सुंदर अक्षरात नवी लिहून बांधली. तिला वाटलं, मामा शाबासकी देईल. मामाने कचऱ्याच्या टोपलीतून जुनी चिठ्ठी शोधून काढली, तिच्या हाताला एक चापट मारली आणि पोरगी रडायला लागल्यावर तिला मांडीवर घेऊन समजावलं. “बाळा, चिठ्ठी गेली की पक्षी मुका होतो. पहिल्या चिठ्ठीला हात लावायचा नाही. खोडायचं नाही, चुकलेली असली तरी नाही. आपल्याला जे वाटतं ते दुसऱ्या चिठ्ठीवर लिहायचं आणि मागे बांधायचं.”

तीच भाची पुढे शिकली आणि या संग्रहाची प्रमुख झाली. मामाचा अभिमान काय विचारता! पहारेकऱ्यालासुद्धा थांबवून सांगायचा. तिने आल्या आल्या तपकिऱ्याचं काम हाती घेतलं. त्याच्या तळपायाचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा काढून प्रयोगशाळेत पाठवला. आता चोच आणि पाय बघून भागत नाही, शरीराच्या कणाकणात जे नातं लिहिलेलं असतं ते वाचतात म्हणे. त्याच वेळी तिने माणसंही पाठवली, त्या टेकडीवर.

निकाल आला त्या सोमवारी मामा काठी टेकत आला. भाचीने त्याला खुर्ची दिली, मला उघडलं आणि तपकिऱ्याला मामाच्या ओंजळीत ठेवलं.

“मामा, हा मैनाही नाही आणि बुलबुलही नाही. कुणाच्याच कुळात बसत नाही. याचं स्वतःचं वेगळं कुळ आहे. सगळ्या शास्त्रज्ञांनी मान्य केलंय.”

मामाचा चेहरा असा खुलला की मी तो जन्मात विसरणार नाही. “स्वतःचं कुळ! अरे वा रे पठ्ठ्या! सगळ्यांना पुरून उरलास की!” मग इकडेतिकडे बघत म्हणाला, “आणि बाकीचे कुठे ठेवलेत? आता जिवंतही पाहिले असतील ना तुझ्या माणसांनी?”

भाची खाली बसली. “बाकीचे नाहीत, मामा. तीनदा माणसं गेली. तिथे जंगलच राहिलं नाही. आजूबाजूच्या टेकड्याही पालथ्या घातल्या. त्या कुळात हा एकटाच.”

मामाने तपकिऱ्याच्या पायाची आपली पहिली चिठ्ठी उलटी केली आणि बोट ठेवलं, ‘पुष्कळ’ या शब्दावर.

“शंभरेक होते गं. झाड हलत होतं त्यांच्या वजनानं.” त्याने ती चिठ्ठी भाचीपुढे धरली. “हे खोड. पेन आण आणि हे खोड.”

“मामा, तुम्ही एक घेतलात म्हणून नाही ते संपले. उलट हा एक नसता, तर ते होते हेसुद्धा कुणाला कळलं नसतं.”

“ते कळतंय मला. पण जन्मभर मी कुळ कुळ करत बसलो. साहेबांच्या मागे लागलो, डांबरगोळ्या बदलल्या. गाडीने एका दिवसाची तर वाट होती. बरे आहेत का बाबांनो, म्हणून एकदा तरी जायला नको होतं? पुष्कळ लिहिलं आणि निर्धास्त झालो. खोड ते.”

“खोडता येत नाही, मामा,” भाची रडत म्हणाली. “तुम्हीच शिकवलंत.”

तिने एक कोरी चिठ्ठी त्याच्यासमोर ठेवली. मामाने लिहिलं, ‘पुन्हा पाहायला गेलो नाही.’ खाली सही केली. एका हिसक्यात गाठ मारणारा माझा मामा, त्या दिवशी तीनदा दोरा सुटला त्याच्या हातून. भाचीने मदत करू का विचारलं, तर नको म्हणाला.

तपकिऱ्या आता वरच्या खणात आहे. चकचकीत पट्टी आहे, नवं नाव आहे आणि आत तो एकटा आहे. वर्षानुवर्षं मी त्याला घर मिळावं म्हणून झुरलो, पण हे असलं घर मला नको होतं. मामा त्यानंतर दोनच सोमवार आला. तिसऱ्या सोमवारी भाची एकटी आली, मला उघडलं आणि नुसती बसून राहिली. आता माझ्यात दोऱ्याचं रीळ, कात्री आणि कोऱ्या चिठ्ठ्या असतात.

मित्रांनो, माझी धूळ नाही झटकलीत तरी चालेल. पण एक ऐका. आमची भाची आता दर सोमवारी माझ्यातली एक कोरी चिठ्ठी घेऊन संग्रहालयाच्या अंगणात जाते आणि तिथल्या चिमण्या मोजते. चिमण्या कोण मोजतं, असं तुम्ही म्हणाल. पहारेकरीही तेच म्हणून हसला होता. ती ‘पुष्कळ’ असं लिहीत नाही, आकडा लिहिते. मागच्या सोमवारी सतरा होत्या. या सोमवारी चौदा. तुमच्या दारात किती आहेत, तेवढं आज मोजा, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा पाहायला जा.