डॉक्टरताईंची निळी पेटी

मित्रांनो, मी एक जुनी, निळी शीतपेटी आहे. बर्फात नमुन्यांच्या नळ्या ठेवून त्या प्रयोगशाळेत पोहोचवायच्या, हे माझं काम. जनावरांच्या डॉक्टरताईंच्या खांद्याला मी नऊ वर्षं लटकले. निघताना त्या म्हणायच्या, "चल गं सखे," जणू मला पायच होते.

एकदा डुकरं पाळणाऱ्या एका काकांचा निरोप आला. बारा डुकरं खोकत होती, दोन मेली होती. तिथे पोहोचताच ताईंनी वर पाहिलं. झाडाला वटवाघळं लटकली होती आणि त्यांनी उष्टावलेली फळं खाली डुकरांच्या खाण्यात पडत होती.

"काका, हा साधा ताप वाटत नाही. माणसांनाही होऊ शकतो. जवळ जाऊ नका."

"लेकरांसारखी वाढवलीत, ताई. लांब कसा राहू?"

नमुने पोटाशी धरून मी प्रयोगशाळेत गेले. खिडकीतला कारकून म्हणाला, "डुकरांचेच ना? ठेवा तिथे. आधी माणसांचे होऊ देत."

तीन दिवस मी व्हरांड्यात पडून होते. बर्फाचं पाणी झालं, पाणी कोमट झालं, नमुने वाया गेले.

ताई पुन्हा नमुने घ्यायला गेल्या, तोवर काका तापाने फणफणले होते. अंगणातच त्यांचा तोल गेला. हातमोजे चढवायला न थांबता ताईंनी धावत जाऊन त्यांना सावरलं. काका त्यांच्या अंगावरच ओकले.

काका गेले. नवव्या दिवशी ताईंना ताप चढला. त्यांच्या रक्ताच्या नळ्या माझ्याच पोटात ठेवल्या. या वेळी सगळी दारं पटापट उघडली. दुसऱ्याच दिवशी कळलं, वटवाघळांकडून डुकरांत आणि डुकरांकडून माणसांत आलेला हा नवा विषाणू होता. शेजारच्या घरांना वेळीच वेगळं ठेवलं, ती माणसं वाचली. हे ऐकायला ताई मात्र राहिल्या नाहीत.

त्यांची मुलगी रुग्णालयातल्या काचेपलीकडून माझ्याकडे बघत होती. माझ्या झाकणावर ताईंच्या अक्षरात लिहिलं आहे, 'उन्हात ठेवू नये'.

"आईची पेटी मी घरी नेऊ?" तिने विचारलं.

"नाही गं बाळा," परिचारिका म्हणाली. "ती जाळावी लागणार."

मित्रांनो, आजारी किंवा मेलेल्या जनावराला हात लावू नका, लगेच मोठ्यांना सांगा. पाखरांनी, वटवाघळांनी उष्टावलेलं फळ खाऊ नका. आणि मोठेपणी कुणी मुक्या जिवाच्या दुखण्याची खबर आणली, तर त्याला ताटकळत ठेवू नका. त्या मुलीशी मला एक शब्दही बोलता आला नाही. म्हणून तुम्हाला सांगितलं.